भिंतीवरचा वाकडा म

एकदा एका आईने हट्टच धरला. पोराला शिशुवर्गात घालायच्या आधी सगळी अक्षरं घरीच शिकवणार, आणि तीही नुसती गिरवून नाही, हातांनी बनवून. आईचं नाव शर्वरी. पोराचं नाव निहार, वय चार, आवडता उद्योग बोटांवर डिंक वाळवून सोलणे.

रोज दुपारी चटई पडायची. कापसाचा क, गव्हाचा ग, बटणांचा ब. हॉलची भिंत अशी भारी सजली की पाहुणे हातातला चहा विसरायचे. प्रत्येक कार्डशीटखाली सुंदर अक्षरात लिहिलेलं, ‘निहारने केले’.

घोळ एवढाच की निहारला त्यातलं एकही अक्षर ओळखता येईना. वर हल्ली डिंकाची बाटली दिसली की गडी दोन्ही हात पाठीमागे लपवायचा. कितीही लाडीगोडी लावा, हात काही पुढे येत नव्हते.

“भिंत पास झाली,” नवरा म्हणाला, “पोरगं नापास.”

शर्वरीने त्याच्याकडे असं बघितलं की तो गपचूप भांडी घासायला गेला. पण धास्ती तिलाही होतीच. शाळा सुरू व्हायच्या आधीच पोराचं अक्षरांवरून मन उडालं तर?

हार मानणाऱ्यांतली ती नव्हतीच. ती तडक गेली, लहानपणी जिथे शिकली त्या बालवाडीच्या बाईंकडे. बाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. गुडघे गेले होते, दरारा नव्हता गेला.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “उद्या येते. मसूर डाळ काढून ठेव.”

दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि निहारकडे बघितलंसुद्धा नाही. “शर्वरी, बस. आज म तू करायचास.”

“मी?”

“मग काय मी? बस.”

ती बसली. डिंकाची रेघ ओढते न ओढते, तोच बाईंनी हात धरला. “अगं, असं नाही. दे इकडे.” रेघ बाईंनी ओढली. तिने डाळीची चिमूट उचलली. “सांडशील. सोड.” डाळ बाईंनीच लावली. एक दाणा तरी सरकवू म्हणून तिने बोट पुढे केलं, तर बोटावर टपली बसली. “बिघडवशील!”

निहार दाराआडून टकामका बघत होता.

म एकदम कडक झाला. बाईंनी खाली लिहिलं, ‘शर्वरीने केले’, आणि टाळ्या वाजवल्या. “शाब्बास गं माझी बाय!”

“कसलं शाब्बास!” शर्वरीचा आवाज चढला. “सगळं तुम्हीच केलंत, बाई! मला साधा हात लावू दिला नाहीत!”

बाईंनी मान भिंतीकडे वळवली. शर्वरीनेही बघितलं. निहारने केले. निहारने केले. निहारने केले.

मग आपले हात कुठे आहेत ते तिच्या लक्षात आलं. पाठीमागे.

“अगं, अक्षर आधी बोटांतून शिरतं, डोक्यात नंतर जातं,” बाई हळूच म्हणाल्या. “त्याची बोटंच तू बाजूला सारलीस, मग ते शिरणार कुठून? तुझा हट्ट चांगला आहे, तो सोडू नकोस. फक्त आता हात न लावायचा हट्ट धर. तो जास्त अवघड असतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्वरी चटईवर बसली. खरं तर स्वतःच्या दोन्ही हातांवर बसली. “निहार, म करायचाय रे. पण मला आज हात नाहीत.”

“खरंच नाहीत?”

“खरंच.”

एक हात पुढे आला. मग दुसरा. मग जो राडा झाला! डिंक चटईवर, डाळ केसांत, थोडी तोंडात. म ची दांडी झोपली, गाठ कार्डशीटच्या बाहेर पळाली. शर्वरीने दात आवळले. एकदा तिचा उजवा हात सटकून बाहेर आलाच.

“आई! तुला हात नाहीत!”

हात परत आत गेला. मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही.

“झाला!” निहार ओरडला. “म! मसूरचा म! आता खाली नाव लिही.”

“हात कुठे आहेत रे मला?”

त्याने जरा विचार केला. मग डिंकाने माखलेला, डाळ चिकटलेला पंजा म च्या खाली थाडकन मारला.

भिंतीवर सगळ्यात वाकडं तेच अक्षर आहे, आणि निहार येणाऱ्या प्रत्येकाला ओढत तिथेच नेतो. तेव्हा पोरांना शिकवायला बसाल, तर आधी स्वतःच्या हातांवर बसा.