मेणाआड काय दडलंय?

फार पूर्वी डोंगरातल्या एका जांभळाच्या ढोलीत मधमाश्या राहत. थंडीत मध खायचा आणि अंग थरथरवून पोळं उबदार ठेवायचं, ही त्यांची रीत. एका वर्षी निम्मी थंडी सरली तरी मध भरपूर उरला.

थोरल्या माशीला संशय आला. "कामचुकारपणा कोण करतंय?"

"कोणीच नाही, आजी," धाकटी म्हणाली. "मी ढोलीची फट मेणानं बुजवली. ऊब आतच राहते."

"फुकटची ऊब? खरं सांग, फटीत काय लपवलंयस?"

"फोडू नका! फुलं यायला दोन महिने आहेत, पिल्लं गारठतील."

थोरलीनं मेण फोडलंच. आत काहीच नव्हतं. बोचरा वारा शिरला. सगळ्या थरथरू लागल्या आणि मध भराभर संपू लागला.

"बघ," थोरली समाधानानं म्हणाली, "आता कशा सगळ्या कामाला लागल्या!"