टुंई टुंई बंदुकीचा लेसर

एका गावात एक भोळा चपला राखणारा होता. नाव निवास. गणेशोत्सवात मंडपाबाहेर पोतं टाकून बसायचा आणि आत गेलेल्यांच्या चपला सांभाळायचा. एकदा त्याला कुणीतरी सांगितलं, "सारख्या सारख्या एकत्र लाव." निवासने सगळ्या डाव्या एका बाजूला लावल्या, सगळ्या उजव्या दुसऱ्या बाजूला. आरती झाल्यावर निम्मं गाव दोन-दोन डाव्या चपला घालून घरी गेलं. आणि गावही असं, की घरी जाईपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या वर्षी मंडळाने हलता देखावा ठरवला. परग्रहावरचा राक्षस आणि त्याला मारणारा अंतराळवीर. राक्षस झाला, काळ्या काचेच्या शिरस्त्राणातला अंतराळवीर झाला, त्याच्या हातात द्यायला बंदूक मिळेना. तशी बंदूक गावात एकाकडेच होती, निवासकडे. जत्रेत घेतलेली, हिरव्या प्लास्टिकची, चाप ओढला की टुंई टुंई वाजणारी.

"बंदूक देतो अण्णा," निवास मंडळाच्या अध्यक्षांना, जगूअण्णांना म्हणाला. "पण टुंई टुंईनं राक्षस मरेल होय? तिच्यात खरा लेसर बसवतो."

जगूअण्णांनी त्याला खालून वर पाहिलं. देखाव्यांच्या स्पर्धेतली तालुक्याची ढाल गेली अकरा वर्षं शेजारच्या गावाकडे होती. ती आणायची तर काहीतरी जगावेगळं हवंच होतं.

"बसव," अण्णा म्हणाले. "लेसर चालला तर पुढल्या वर्षी मंडपाचं सगळं लायटिंग तुझ्याकडे. नाही चालला तर मरेपर्यंत चपला."

निवासला आनंदाने जेवण गेलं नाही. लायटिंगवाल्याचं नाव माईकवर घेतात. चपलावाल्याचं आजवर कुणी घेतलं नव्हतं.

तालुक्याला एसटी स्टँडजवळ मुबारकचाचांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. चाचांनी एका मोडक्या यंत्रातून लेसरचा मणी काढला. हरभऱ्याच्या डाळीएवढा. "हा घरी ने. उद्या बंदूक घेऊन ये, आत बसवून देतो."

निवासने मणी पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि एसटीत बसला. खड्ड्यांचा रस्ता, अठरा किलोमीटर. घरी पोचेस्तोवर मण्याचा चुरा झाला होता.

"अरे लेका," दुसऱ्या दिवशी चुरा पाहून चाचा म्हणाले, "अशी वस्तू कापसात गुंडाळायची, डब्यात घालायची, झाकण घट्ट लावायचं आणि डबा छातीशी धरून न्यायचा."

"बरं चाचा. आता ध्यानात ठेवतो."

चाचांनी दुसरा मणी काढला आणि बंदुकीतच पक्का बसवून दिला. निवासने घरी येऊन चाप ओढला. भिंतीवर लाल ठिपका! आई ओरडली, शेजारीण ओरडली, निवास नाचला. नाचता नाचता चाप सोडायचा राहिला आणि बंदूक तापली. निवासला चाचांचं बोलणं आठवलं. त्याने तापलेली बंदूक कापसात गुंडाळली, पिठाच्या डब्यात घातली, झाकण घट्ट लावलं आणि डबा छातीशी धरून बसला. थोड्या वेळाने डब्यातून धूर यायला लागला. निवासने डबा आणखी घट्ट धरला.

चाचांनी बंदुकीचं वितळलेलं तोंड पाहिलं, मग निवासच्या शर्टाचं भोक पाहिलं.

"अरे, तापलेली वस्तू झाकतात का? उघड्यावर ठेवायची. चांगला वारा लागू द्यायचा."

"असं होय! आधी सांगायचं ना चाचा."

चाचांनी बंदुकीला नवं तोंड लावलं, त्यात भिंग बसवलं. बंदूक आता गार होती, भिंग आरशासारखं लख्ख होतं. निवास ती घेऊन घरी आला आणि चांगला वारा लागावा म्हणून थेट पत्र्यावर नेऊन ठेवली. पलीकडेच आई वारं बघून ज्वारी उफणत होती. संध्याकाळी भिंगातून पाहिलं तर पलीकडचं काहीच दिसेना. नुसता कोंडा.

मुबारकचाचांनी कपाळाला हात लावला. "बाबा रे, घाण दिसली की स्पिरिटचा बोळा घ्यायचा आणि पुसून काढायची. एक डाग राहता कामा नये." आणि स्पिरिटची बाटलीच त्याच्या हातात दिली.

"आता बघाच तुम्ही," निवास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बंदूक घेऊन तो मंडपात गेला. तिथे राक्षस उभा होता. दौलू पेंटरने चार दिवस खपून त्याच्या अंगावर हिरवे-जांभळे ठिपके काढले होते, गालांवर फोड, कपाळावर तिसरा डोळा. राक्षसाच्या छातीत कोनाडा, कोनाड्यात काळा फुगा आणि फुग्यात झेंडूच्या पाकळ्या. लेसर लागला की फुगा फुटणार, पाकळ्या उडणार, राक्षस मरणार. निवासला फुगा दिसला नाही. त्याला डाग दिसले. केवढे डाग! बिचारा पहाटेपासून दुपारपर्यंत पुसत होता.

दौलू जेवून आला तर राक्षसाच्या जागी गोरापान, गुळगुळीत, बिनडोळ्यांचा माणूस उभा. बँकेतल्या साहेबासारखा दिसत होता. दौलूने बोंब मारली, गाव गोळा झालं.

"माझं चुकलंच," निवास म्हणाला. "माझ्या टाळक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते. आणि ती नेमकी आदल्या दिवसाची असते."

पण रंगवायला वेळ कुठे होता? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परीक्षक येणार होते. अण्णा दात खाऊन म्हणाले, "आता सगळं तुझ्या लेसरवर, निवास. तो चालला तर वाचलास."

निवास शेवटचा चाचांकडे गेला. चाचांनी नेम धरायची तिवई दिली, बंदूक तिच्यावर घट्ट बसवून दिली. त्यांना लेकीच्या गावाला जायचं होतं. निघताना त्यांनी कळवळून सांगितलं, "आता कशाला हात लावू नको. फक्त डोळे सांभाळ. मी दुकानात लेसर लावतो तेव्हा चष्मा घालतो. समोर उघडा डोळा असला की चाप ओढायचा नाही. तेवढं केलंस तर जिंकलास." चाचांना म्हणायचं होतं, बंदुकीच्या तोंडात कुणी डोकावत असेल तर. पण ते त्यांनी सांगितलं नाही. निवासने दुकानातले चारही चष्मे मागून घेतले.

संध्याकाळी तीन परीक्षक आले. मंडपात धुपाचा धूर, काळे पडदे, लेसर उठून दिसावा असा अंधार, अंतराळवीराच्या हाताखाली बंदुकीची तिवई. मंडळाची तीस माणसं श्वास रोखून उभी. निवासने परीक्षकांना तीन चष्मे घातले, चौथा स्वतः घातला. मग माईक हातात घेतला.

"चष्मा नाही त्यांनी डोळे मिटा. एक जरी डोळा उघडा दिसला तरी चाप ओढणार नाही."

तीस जणांनी डोळे मिटले. अण्णांनी सगळ्यांत आधी मिटले. कार्यक्रम बिघडवायला कुणी तयार नव्हतं. निवास एकेकाच्या तोंडाजवळ जाऊन बघून आला. चाप ओढणार इतक्यात तो थबकला. अजून दोन डोळे उघडे होते. गणपतीचे.

मूर्ती आणताना तोंडावरून घेतलेला लाल रुमाल मखराला बांधलेला होता. निवासने तो सोडला, हात जोडले, "माफ कर देवा" म्हणाला आणि गणपतीच्या तोंडावर टाकला. मग येऊन चाप ओढला.

लेसर चालला! या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ धुरातून सरळ गेली. गेली असणार. फाटकन फुगा फुटला, पाकळ्या उडाल्या.

पण त्या चष्म्याचा गुणच असा, की त्यातून सगळं दिसतं, लेसर तेवढा दिसत नाही. तो डोळ्यात जाऊ नये म्हणूनच तो चष्मा.

"फुगा मागून टाचणीने फोडला का?" मोठ्या परीक्षकांनी विचारलं.

"नाही साहेब, लेसरनं."

"लेसर कुठाय?"

"हा काय, चालूच आहे."

साहेबांनी चष्मा काढला. निवासने चाप सोडला.

"कुठाय?"

"डोळा उघडा पडला साहेब, म्हणून बंद केला."

साहेबांनी चष्मा घातला. निवासने चाप ओढला.

"आता?"

"आता आहे."

"मला दिसत नाही."

"मलाही दिसत नाही साहेब. पण आहे."

साहेबांनी चार वेळा चष्मा घातला, चार वेळा काढला. मिटल्या डोळ्यांनी अण्णा कुजबुजले, "निवास, उघडू का रे?"

"नको अण्णा. आत्ताच तर रंगात आलंय."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि तिघे चष्मे ठेवून निघून गेले. निवासने रुमाल काढला, चष्मे गोळा केले आणि मग सगळ्यांना डोळे उघडायला सांगितलं. तीस जणांनी पाकळ्या पाहिल्या आणि टाळ्यांचा कडकडाट केला. अण्णांनी त्याला उचलून घेतलं आणि माईकवर जाहीर केलं, "पुढल्या वर्षीचं लायटिंग, आमचे निवासराव!" निवास ढसाढसा रडला.

सकाळी स्पर्धेच्या समितीचं पत्र आलं. अण्णांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. "राक्षस आढळला नाही. लेसर आढळला नाही. गणपतीचं तोंड का झाकलं, याचा खुलासा करावा." ढाल बाराव्या वर्षीही शेजारच्या गावालाच.

"आढळला नाही म्हणजे?" अण्णा गरजले. "साक्षीदार उभे करू! दौलू, तू पाहिलास ना?"

"मी डोळे मिटले होते."

"बाळू?"

"मीपण."

तिसाव्या माणसापर्यंत तेच. "निवास, तू तरी?"

"चष्मा होता अण्णा."

अण्णा आशेने गणपतीकडे वळले. मग पत्राची शेवटची ओळ आठवली आणि त्यांनी पत्राची घडी करून खिशात घातली.

"जाऊ दे," ते म्हणाले. "सांगणारा भोळा एक आणि डोळे मिटून ऐकणारे शहाणे आपण तीस. लायटिंग निवासकडेच राहू दे. पुढल्या वर्षी चपला मी राखतो."