न पडलेली पाकळी

खाडीकाठच्या आंबेखोल गावी, रवळनाथाच्या देवळात, त्या वर्षी श्रीपूर्णगीर महाराजांचा चातुर्मासाचा मुक्काम होता. धाकू तरीवाला रोज त्यांच्या पायाशी येऊन बसे. उजव्या हाताला तीनच बोटं, अक्षराशी गाठ नाही; पण होडी पाण्यात ढकलताना तो दर खेपेला म्हणे, "देवा, तू सांभाळ, मी वल्हवतो."

वामनशास्त्र्यांना याचं भारी हसू येई. "अरे खुळ्या, देवाला सगळं आधीच ठाऊक! तरणार की बुडणार ते ठरलेलंच. मग तू कशाला हात दुखवून घेतोस?" लोक खो खो हसत. धाकू बिचारा मान खाली घाली.

श्रावणात एका सकाळी वादळ उठलं, आणि नेमकी त्याच वेळी शास्त्रीबुवांची लेक द्वारका अडली. सुईण भागीरथी पलीकडच्या काठाला. धाकूनं होडीतलं पाणी उपसलं आणि रिवाजाप्रमाणे देवाला कौल लावायला आला. गुरवानं मूर्तीला दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जावं, डावी पडली तर जाऊ नये. बराच वेळ गेला, एकही हलेना!

देवळात आलेले शास्त्रीबुवा म्हणाले, "देव बोलत नाही. जे ठरलंय ते होणार."

धाकू महाराजांकडे वळला. त्याच्याही घरी तान्ही पोर होती. "महाराज, मी काय करू?"

महाराजांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बाळा, देव रुसलेला नाही. आज त्यानं तुझ्यावर सोपवलंय. नाही गेलास तरी तू त्याचाच."

देवळामागच्या घरातून द्वारकेची किंकाळी आली. "जातो," धाकू म्हणाला आणि धावत सुटला.

भर खाडीत त्याचं वल्हं कडकन मोडलं. होडी गरगर फिरू लागली. आता संपलंच, तरी काही हाती लागेल म्हणून त्यानं फळीखाली हात घातला, तर हाताला नवंकोरं वल्हं लागलं! मूठ तीन बोटांना बेतून कोरलेली. सकाळी पाणी उपसलं तेव्हा तिथे काहीसुद्धा नव्हतं. काय ही माऊलीची माया! धाकू रडत रडत वल्हवत राहिला.

दुपारी सुईण पोचली. द्वारका सुखरूप सुटली, मुलगी झाली. धाकूनं वल्हं देवळात आणून महाराजांपुढे ठेवलं आणि सगळी हकिकत सांगितली. महाराज तर सकाळपासून जागचे हललेही नव्हते.

शास्त्रीबुवा पुढे आले. "म्हणजे हा जाणार हे देवाला ठाऊक होतं! मग यात धाकूचं काय?"

"धाकू गेला तो देवाला ठाऊक होतं म्हणून नव्हे," महाराज म्हणाले. "धाकू जाणार होता, म्हणून देवाला ठाऊक होतं."

"आणि गेलाच नसता तर?"

महाराज हसले. "तर वल्हं ठेवलं नसतं."

शास्त्रीबुवांच्या डोळ्यांना धार लागली. ते पायांवर वाकणार तोच महाराजांनी पाय मागे घेतले आणि धाकूकडे बोट दाखवलं. भर देवळात शास्त्रीबुवांनी त्या चिखलानं माखलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

धाकू कावराबावरा झाला. "अहो शास्त्रीबुवा, हे काय! उठा, आधी लेकीकडे जा!"