नकाशावरची विहीर

फार फार वर्षांपूर्वी एक माळरानी मुलूख होता. तिथे पाऊस पाहुण्यासारखा यायचा आणि गूळपाणीही न घेता निघून जायचा. त्या मुलखातल्या मेंढपाळांच्या म्होरक्याकडे आजोबांनी कापडावर रंगवलेला नकाशा होता. तपकिरी रेषा दाटल्या की चढ, विरळ झाल्या की सपाट माळ, आणि निळा ठिपका म्हणजे विहीर. दर दसऱ्याला नकाशाची पूजा व्हायची. त्यावर नवी रेघ ओढणं म्हणजे वाडवडिलांना खोटं पाडणं, असा त्यांचा दंडक होता.

एका वर्षी पाऊस आलाच नाही. म्होरक्याच्या बायकोचं दूध आटू लागलं. तान्ही लेक रडून रडून गप्प झाली.

"अवं, पाखरं उत्तरंला नदीकडं निघाल्यात," बायको म्हणाली. "आपुनबी तिकडंच जाऊ."

"नदी लांब हाय. पूर्वंला जवळच विहीर हाय," नकाशावर बोट ठेवत तो म्हणाला. "आज्याच्या हातचं हाय हे. खोटं कसं असंल?"

ते पूर्वेला निघाले. नकाशातली प्रत्येक टेकडी जागच्या जागी भेटत गेली, आणि प्रत्येक टेकडीला म्होरक्याची छाती फुगत गेली. टेकड्या जागा सोडत नाहीत, पाणी सोडतं, एवढं काही त्या शहाण्याला सुचलं नाही.

विहीर सापडली, अगदी ठिपक्याच्या जागी. पण ती काठापर्यंत गाळाने भरली होती. भोवती मेंढ्यांची जुनी हाडं पसरली होती आणि एका कवटीजवळ पितळी घंटा पडली होती. घंटेवर त्याच्या वडिलांची खूण होती. मागे एका दुष्काळात वडील निम्माच कळप घेऊन परतले होते. का, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. नकाशाला मात्र त्यांनी त्याही दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

म्होरक्याने कळप उलटा वळवला. नदी गाठली तेव्हा मोजक्याच मेंढ्या उरल्या होत्या. लेक वाटेतच गेली होती.

काठावर बसून त्याने चुलीतला कोळसा उचलला आणि निळ्या ठिपक्यावर फुली मारली.

"हीच फुली मामंजींनी मारली असती," बायको म्हणाली, "तर माजी लेक आज पदराखाली असती."

म्होरक्या खाली मान घालून नकाशाची घडी करत राहिला.

तात्पर्य: जुनं ज्ञान पुजत राहून त्यातली चूक झाकणारा आपल्याच पुढच्या पिढीच्या जिवावर उठतो.