कवठाळीच्या बारवेवरची ओंजळ

कवठाळीच्या बारवेला एकोणसाठ पायऱ्या आहेत. त्यातल्या सर्वांत वरच्या पायरीच्या मधोमध हातभर लांबीचा एक उथळ खळगा आहे. तो पावलांनी झिजून झालेला नाही. छिन्नीचे घाव अजून बोटाला लागतात. देवदर्शन आटोपून आम्ही बायका तिथे टेकलो, तेव्हा देवळाचे गुरव लिंबाजीबाबा यांनी त्या खळग्याची हकीकत सांगितली. त्यांनी ती त्यांच्या आज्याकडून ऐकलेली.

फार पूर्वी इथे सिदोजी नावाचा पाटील होता म्हणे. लागोपाठ तीन वर्षं पाऊस पडला नाही आणि तिसऱ्या वैशाखात त्याची आई भागाबाई पाणी पाणी करत गेली. सिदोजी दोन कोसांवरून घागर घेऊन आला, तोवर उशीर झाला होता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. नातलगांनी नाना वचनं दिली. शेत पडीक ठेवणार नाही, धाकटीला चांगलं स्थळ बघू. कावळे झाडावरून हलेनात. ऊन डोक्यावर आलं. शेवटी सिदोजी सगळ्या गावादेखत म्हणाला, "आई, पुढचा जन्म तू कुठंही घे. या गावात आलीस तर तुला पाणी मिळेल."

तेव्हा कावळा उतरला, असे सांगतात.

दोन वर्षं खडक फोडून त्याने बारव बांधली. पाणी लागलं. पण सिदोजीला स्वस्थता नव्हती. देवळातले पुराणिक सांगत, नव्या जन्मात मागचं काही आठवत नाही. त्या बोलण्याची त्याने धास्ती घेतली. एवढं काम आपण केलं, आणि पुढच्या जन्मी ते आपल्यालाच कळू नये? म्हणून त्याने वरच्या पायरीवर आपलं आणि बापाचं नाव खोल कोरून घेतलं. रोज सकाळी त्या अक्षरांवरून तळवा फिरवायचा. निदान हाताला ओळख राहील, म्हणायचा. जिच्यासाठी बारव झाली, तिचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

मग तो पाण्याची राखण करू लागला. येईल त्याला नाव, गाव, कूळ विचारायचा. गावकुसाबाहेरच्यांनी लांब थांबायचं, कुणाला सवड झाली तर त्याने त्यांना पाणी वाढायचं. दिवसभर तो पायऱ्यांवर येरझाऱ्या घालायचा. घास गोड लागेना.

एका दुपारी कुसाबाहेरच्या धुरपाची दोन वर्षांची लेक तुरुतुरु चालत आली आणि सिदोजीपुढे ओंजळ धरून उभी राहिली. त्याच्या हातात भरलेला तांब्या होता. तो त्याने वर उचलून धरला. मागून धुरपा धावत आली. ती घाबरली होती, पण पोरीचे ओठ सुकलेले बघून तिथेच थांबली.

"पाटील, भागाबाई गेल्या, त्याच सालची ही," ती म्हणाली.

"म्हणजे ही माझी आई? माझ्या आईला मी ओळखणार नाही व्हय?"

"वळखलं तरच पाजीन, असं पिंडापाशी बोलला नव्हता तुम्ही."

सिदोजीने हातातल्या तांब्याकडे पाहिलं. त्याचा हात आपोआप खाली आला. पोरगी डोळे मिटून प्यायली आणि तो चरकला. भागाबाई अशीच डोळे मिटून पाणी प्यायची.

पण दुसऱ्या दिवशी एक धनगर आला, तोही डोळे मिटून प्यायला. मग एक भांडकुदळ बोहारीण. मग वाट चुकलेलं वासरू. सिदोजी वेड्यासारखा एकेकाच्या मागे जायचा, तोंड निरखायचा, पुन्हा परत यायचा. बायको वैतागून म्हणाली, "अहो, पाणी द्यायचं कबूल केलं होतं ना? मग सासूबाईंचा शोध कशाला चाललाय? आधी दोन घास खा."

तो जेवला. मग छिन्नी घेऊन वरच्या पायरीपाशी बसला. आपण आईला ओळखू शकत नाही, तसं पुढच्या खेपेला आपल्याला कोण ओळखणार? आपण स्वतः तरी? कुठल्या घरात जन्मू, काय माहीत. हे नाव वाचता तरी येईल का? आणि कोणी वरच थांबवलं, तर आपल्याच बारवेवर आपण तहानलेले उभे राहू. संध्याकाळपर्यंत त्याने सगळी अक्षरं खरवडली. तळव्याला फोड आले. दुसऱ्या दिवसापासून त्याने पायऱ्या सगळ्यांना मोकळ्या केल्या आणि मरेपर्यंत तिथे पाणी वाढलं. सुरुवातीला वाढताना त्याची नजर तोंडाकडे जायची. सवय सुटायला बरीच वर्षं लागली म्हणे.

आजही कवठाळीत बारवेवर आलेल्याला नाव विचारत नाहीत. पाणी वाढणारा फक्त ओंजळीकडे बघतो आणि "घे आई" म्हणतो. आमच्यासमोर एक झुपकेदार मिशांचा ट्रकवाला आला. लिंबाजीबाबांनी त्यालाही "घे आई" म्हटलं. तो आधी हसला, मग गुपचूप वाकला.

आमच्यातल्या शालनताईंना राहवेना. त्यांनी विचारलं, "बाबा, मग सिदोजी परत आला का कधी?"

"आला असेल की," खाली ओंजळीवर धार धरून बाबा म्हणाले. "आम्ही तोंड बघत नाही."