भिवराने शिवेवर अडवलेली पाटी

बायांनो, लेकरांनो, हातातलं काम खाली ठेवा आणि दिव्याकडे तोंड करून बसा. आसणवाडीच्या भिवराची गोष्ट सुरू झाली की मधून कुणी उठत नाही.

फार वर्षांपूर्वी भैरोबाच्या डोंगराला वेढून सात वाड्या होत्या. एकीची शीव संपली की दुसरीची सुरू व्हायची. त्यातल्या आसणवाडीत भिवरा राहायची. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच लेक, रंगू. ही रंगू लहान असताना तापानं फणफणली. डोळे उघडेना, पाणी गिळेना. भिवरा ओलेत्यानं मरीआईच्या देवळात गेली, पायरीवर कपाळ टेकलं आणि नवस बोलली. नारळाचा नाही, खणाचा नाही. ती म्हणाली, "आई, माझी लेक मला परत दे. यापुढं तू माझ्या दारी जे धाडशील, बरं धाड, वाईट धाड, ते मी दुसऱ्याच्या दारी लोटणार न्हाई."

रंगू बरी झाली, मोठी झाली, शेजारच्या कोंढरवाडीत नांदायला गेली. भिवरानं तिला आंदण म्हणून एक खुडूक कोंबडी आणि तिच्याखाली घालायची अंडी दिली. आणखी देणार काय? भिवराचं सगळं धन खुराड्यात. अंडी देऊन घरात मीठ-मिरची यायची, वर्षाकाठी एखादा कोंबडा देऊन लुगडं यायचं. नवसाला मात्र ती चुकली नाही. भुकेला दारी आला, त्याला भाकरी दिली. वेडा आला, त्याला ओसरी दिली. तिला वाटायचं, आपला नवस फिटतो आहे.

मग एका वर्षी शिमगा सरला आणि आसणवाडीच्या कोंबड्यांना काहीतरी झालं. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी दुपारी पिसं फुगवून कोपऱ्यात बसायची. डोळे मिटायची, हिरवं हगायची, मान पाठीकडे वळवायची आणि आडवी व्हायची. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं वारं आलं. कुणालाच काही कळेना. ज्यांना घाई होती त्यांनी आजारी कोंबडी कापून खाल्ली. ज्यांच्याकडे पाहुणा आला होता त्यांनी ती पाहुण्याच्या पिशवीत घातली.

त्या डोंगरात अशा वेळी एक रीत होती. बांबूची नवी पाटी घ्यायची. तिच्यात हळदकुंकू, लिंबू आणि एक आजारी कोंबडी ठेवायची. घरटी एक चिंधी पाटीच्या कडेला बांधायची. मग वाजतगाजत ती पाटी पुढच्या वाडीच्या शिवेत ठेवायची आणि मागं न बघता परत यायचं. मरीआई पाहुणी आली आहे, तिला पुढच्या गावी पोचवायचं, एवढंच लोकांच्या मनात. पुढची वाडी त्याच पाटीत आपल्या चिंध्या बांधायची आणि तिच्या पुढच्या वाडीला पोचवायची. यात कुणाला पाप वाटत नव्हतं. भिवरालाही वाटलं नाही. तिनं आपल्या जांभळ्या खणाची चिंधी फाडली आणि स्वतःच्या हातानं गाठ मारली. पाटी कोंढरवाडीला गेली.

आसणवाडीत दुखणं ओसरलं. थोड्या दिवसांनी निरोप आला, रंगूचं खुराडं रिकामं झालं, कोंढरवाडीत पीस उडायला उरलं नाही. भिवरा लेकीसाठी रडली. मरीआईला दिवा लावला. पण पाटी आणि रंगूचं खुराडं यांची सांगड तिच्या मनात बसली नाही. देवाचं काम गावानं केलं, त्यात आपण कोण, असंच तिला वाटत राहिलं.

पाऊसकाळ गेला. वाचलेल्या कोंबड्यांनी पुन्हा पिल्लं काढली. भिवराची काबरी कोंबडी तर अंगणभर चिवचिवाट घेऊन फिरायची. आणि भाताची कापणी चालू असताना वाडीत ओरड झाली. मावळतीच्या शिवेवर पाटी आली होती.

सगळी वाडी धावली. गळ्यात ढोलकं अडकवून मरीआईचा रावजी भगत पुढं, बायका मागं. पाटी जुनी होती, काळी पडली होती. आत एक कोंबडी मान वळवून पडली होती, पोट तेवढं हलत होतं. कडेला चिंध्याच चिंध्या. भिवरा वाकली. तिला एक जांभळी चिंधी दिसली. रंग विटला होता, पण काठ तिचाच, गाठ तिचीच. तिच्या शेजारी दुसरी जांभळी चिंधी होती. त्याच खणाची चोळी तिनं रंगूला शिवली होती.

भिवरा मटकन खाली बसली.

"काय गं भिवरे, साप हाय काय आत?" तिची थोरली जाऊ चिमणाबाई म्हणाली. चिमणाबाईच्या जिभेला वाडी घाबरायची.

"जाऊबाई, ही आपलीच पाटी हाय," भिवरा म्हणाली. "आपण उगवतीला सोडली, मावळतीनं घरी आली. डोंगर गोल हाय. आपण दुखणं पोचवलं न्हाई, नुसतं फिरवलं."

मग रावजी भगत म्हणाला, "फिरू दे. पाटी आली की पुढं न्यायची, बापजाद्यापासून हेच चालत आलंय. उचला."

भिवरा उठली आणि पाटीला आडवी उभी राहिली.

"पुढं कोंढरवाडी हाय ना, म्हणून हिचा जीव तुटतोय," मागून एक बाई म्हणाली. "लेकीनं नवी पिल्लं पाळली असतील."

"व्हय, तुटतोय," भिवरा म्हणाली. "पयल्यांदा तुटला असता तर बरं झालं असतं. ही पाटी माझ्या दारी आलीय. मी आईला शब्द दिलाय. आता ही कुणाच्याच दारी जायची न्हाई."

"आणि गावातली सगळी पाखरं मेली तर?"

"तर मला वाडीत घेऊ नका. माझ्या घराला काट्या लावा."

रावजी भगताचा आवाज खाली आला. "पोरी, आईचा कोप तुझ्यावर व्हईल."

"माझ्यावरच होऊ दे, भगतबाबा. तेवढंच मागणं हाय."

भगतानं डोंगराकडं बघितलं. त्याचीही एक बहीण त्या सातांतल्या एका वाडीत दिली होती. शेवटी त्यानं गळ्यातलं ढोलकं काढून खाली ठेवलं, असं म्हणतात.

भिवरानं तिथल्या तिथं गावाला सांगितलं. जे पाखरू मान टाकेल ते झाकून माझ्याकडं आणा. जे धड आहे ते खुराड्यात कोंडा. दुखणं असेतो कोंबडी, अंडं, पीस, काहीच घराबाहेर जाता कामा नये. पाहुण्याला पिठलं घाला. मग ती घरी जाऊन कोंबड्या झाकायचं डालगं, फावडं आणि चुलीतली राख घेऊन शिवेवर आली. हिरड्याच्या झाडाखाली तिनं मुक्काम केला. जाताना वाडीकडं वळून बघितलं नाही.

पाखरं येऊ लागली. भिवरा एकेकीला मांडीवर घ्यायची, चोच उघडून लसूण-हळदीचं पाणी थेंबथेंब पाजायची, "चल गं माझी बाय" म्हणायची. जी जगली तिलाही परत पाठवलं नाही. जी मेली तिला खोल खड्डा खणून राखेत पुरलं. उघड्यावर एक पीस टाकलं नाही, ओढ्यात हात धुतले नाहीत. पाणी घागरीनं आणून अंगावर घ्यायची आणि ते तिथंच जिरू द्यायची. एक दिवस तिच्या स्वतःच्या खुराड्यातूनही पाखरं आली. सगळ्यात शेवटी काबरी आली.

चिमणाबाई रोज दुरून भाकरी आणायची आणि एका चपट्या दगडावर ठेवून मागं सरायची. मग दोघी जावा लांबूनच ओरडून बोलायच्या.

"जाऊबाई, कालवण अळणी झालंय!"

"मेले, मरीआईच्या मांडीला मांडी लावून बसलीस, तरी तुला मीठ पायजेच!"

"आईलाबी अळणी गिळत न्हाई!"

चिमणाबाई हसायची आणि वळली की डोळ्याला पदर लावायची. कारण भिवरा दिवसेंदिवस वाळत चालली होती. तिचा आवाज बसला होता. वाडीतून मात्र पाखरं यायची कमी झाली. मग एखादंच आलं. मग एकही नाही.

त्यानंतर एका सकाळी चिमणाबाई भाकरी घेऊन गेली तर आदल्या दिवशीची भाकरी दगडावर तशीच होती. तिनं हाक मारली. ओ आली नाही. तिनं मुक्कामाची मर्यादा मोडली आणि झाडाखाली गेली. फावडं धुऊन ठेवलं होतं. लुगडं घडी करून ठेवलं होतं. भिवरा नव्हती. डालगं तेवढं पालथं होतं आणि आतून आवाज येत होता. चिमणाबाईनं ते उचललं. आत काबरी बसली होती, मान ताठ करून, आणि तिच्या पंखांखालून पिल्लं डोकावत होती. इतकी की एका कोंबडीच्या अंगाखाली मावणार नाहीत, असं म्हणतात.

कुणी म्हणतं, भिवराला ताप चढला आणि आईनं तिला उचलून नेलं. पण सातही वाड्यांतल्या बायका आणखी एक सांगतात. त्याच सकाळी, एकाच वेळी, प्रत्येक वाडीच्या शिवेवरून ओल्या केसांची एक बाई चालत गेली. जी दारात दिसेल तिला तिनं विचारलं, "खुराडं झाकलंय ना, बाय?" कोंढरवाडीत रंगूनं तो आवाज ओळखला. ती 'आई' म्हणून धावली, तर समोर नुसता डोंगर.

दुखणं आसणवाडीतून बाहेर पडलं नाही. तिथंच विरलं. काबरीची पिल्लं मोठी झाल्यावर चिमणाबाईनं स्वतः डालग्यात घालून सातही वाड्यांत वाजतगाजत जोडी-जोडी पोचवली. वाजवणाऱ्यांत रावजी भगत सगळ्यात पुढं होता.

आजही त्या वाड्यांत पाटी सोडत नाहीत. कुणाच्या कोंबड्या आजारल्या की त्या घरची बाई दाराला निंबाचा डहाळा बांधते. त्याला भिवराचा मुक्काम म्हणतात. डहाळा असेतो त्या घरातून अंडं बाहेर जात नाही आणि पाखरू बाजारात जात नाही. आतल्या बाईला कुणी दोष देत नाही. दुखणं सरलं की पहिल्या पिल्लांतलं एक भिवराच्या नावानं सोडतात. ते विकत नाहीत, कापत नाहीत, देवालाही देत नाहीत. ते म्हातारं होऊन मरतं.

बायांनो, दुखणं कुणाच्या दारी येईल ते आपल्या हाती नाही. तुमच्या दारी आलं तर डहाळा बांधा, लपवू नका. आणि शेजारणीच्या दारी डहाळा दिसला तर तोंड फिरवून जाऊ नका. तिच्या अंगणाबाहेर एक भाकरी ठेवा, दुरून हाक मारा आणि तिची ओ येईपर्यंत तिथून हलू नका.