दोराच्या पोटातले तुकडे

पूर्वी मूलक देशात प्रतिष्ठान नगरात एक राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व नगराच्या उत्तरेला, जिथे डोंगर सुरू होतो तिथे, दोर वळणाऱ्याच्या घरी जन्मला होता. तो मोठा झाला, बापाचा धंदा शिकला आणि तिष्या नावाच्या बायकोबरोबर संसार करू लागला. त्यांना पुण्णक नावाचा एक मुलगा होता. घर तीन माणसांचं, आणि तिघांचेही हात अंबाडी ओढून चिरलेले.

अंबाडी त्यांची स्वतःची नव्हती. दुसऱ्याच्या शेतातली विकत घ्यायची, पाण्यात कुजवायची, सोलायची, धुवायची, मग वळायची. नदीकाठी चार वाफे आपले असावेत एवढीच बोधिसत्त्वाची इच्छा होती. त्यासाठी घर काटकसरीने चालायचं. ताक पातळ करून पुरवायचं, भाताची पेज ओतून द्यायची नाही, जेवणं झाली की दिवा मालवायचा. चुलीमागे एक गाडगं पुरलेलं होतं. बाजार झाला की तिघांनी मिळून त्यात नाणी टाकायची. काटकसर घरातल्या सगळ्यांनी मिळूनच करावी लागते. एकाने पोट आवळायचं आणि दुसऱ्याने बाजारात लाडू खायचे, अशाने घर उभं राहत नाही.

धाग्याचीही काटकसर असे. दोर वळताना आखूड तुकडे उरत, ते टोपलीत ठेवायचे. त्यांची खाटेची दोरी व्हायची, वासराचं दावं व्हायचं. पण ज्या दोराला माणूस लटकणार, त्यात आखूड धागा घालायचा नाही, ही दोर वळणाऱ्यांची रीत. आखूड धागा पीळ धरत नाही. ओढ बसली की आतल्या आत सरकतो, आणि वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. ही रीत इतकी जुनी की बोधिसत्त्वाने ती मुलाला कधी तोंडाने सांगितलीच नाही. "धागा वाया घालवू नकोस" हे मात्र रोज सांगितलं.

एके सकाळी तिष्या खाट विणायला बसली, तर टोपली रिकामी.

"पुण्णका, तुकडे कुठे गेले रे? उंदरांनी संसार थाटला काय त्यांचा?"

पुण्णक खुशीत होता. "उंदीर कशाला, मीच वापरले. मधाच्या दोराच्या पोटात भरले आणि वरून लांब धागा वळला. कोणाला कळायचं नाही. निम्मी अंबाडी वाचली, आई! चारातला एक वाफा मी आणला म्हण."

तिष्या हसली. तिला लेकाचं कौतुक वाटलं. बोधिसत्त्व पेज पीत होता. त्याने वाडगा खाली आदळला, पेज सांडली. त्या घरात सांडलेली पेज याआधी कोणी पाहिली नव्हती.

"कोणता मधाचा दोर?" त्याने विचारलं.

"रोहणचा. काल नेला नाही का त्याने."

रोहण कड्यावरचा मध काढणारा. गिधाडकड्यावरून दोराने खाली लटकायचा आणि पोळी कापायचा. कड्याखाली नुसते दगड. ऊन तापायच्या आधी मध काढतात, म्हणजे रोहण आता वाटेवर असणार, नाहीतर लटकलेला असणार. आणि राजाचा नियम असा होता की ज्याचा दोर तुटून माणूस मरेल, त्याचा उजवा अंगठा कापायचा.

बोधिसत्त्व उठला तशी तिष्या दारात आडवी उभी राहिली.

"जाऊ नका," ती म्हणाली. "रोहण म्हणजे चिपाड. टिकेल दोर. तुम्ही आपल्या तोंडाने सांगितलंत, तर उद्यापासून कोणी शेळीचं दावं तरी घेईल का आपल्याकडून? आणि अंगठा गेल्यावर पीळ काय कोपराने देणार?"

तिष्या वाईट नव्हती. घाबरलेलं माणूस असंच बोलतं.

"हेच त्याच्या बायकोला सांगशील का?" बोधिसत्त्व म्हणाला. "तुझा नवरा चिपाड आहे, टिकेल म्हणून?"

तिष्या दारातून बाजूला झाली. बोधिसत्त्वाने खुंटीवरचा नवा दोर खांद्यावर टाकला, पुण्णकाचं मनगट धरलं आणि डोंगराची वाट पकडली. वर चढताना दोघेही कान देऊन होते. किंकाळी ऐकू येत नव्हती. अजून काही झालं नाही म्हणून येत नाही, की सगळं होऊन गेलं म्हणून येत नाही, हे कळायला मार्ग नव्हता. पुण्णक मध्येच म्हणाला, "बाबा, मला वाटलं तुम्ही शाबासकी द्याल." बोधिसत्त्वाने त्याचं मनगट आणखी घट्ट धरलं आणि पाय उचलले.

मध काढणाऱ्यांची एक रीत आहे. दोराचं वरचं टोक बायकोच्या भावानेच धरायचं. बाकी कोणाचा भरवसा नाही, पण आपल्या बहिणीचं कुंकू कोणी सोडून देत नाही. दुसरी रीत अशी की कड्यावर बोलायचं नाही. आवाजाने माश्या उठतात. रोहणचा मेव्हणा निंबक एका खोडाला दोराचे वेढे देऊन, उरलेला कमरेला बांधून बसला होता. दोर कड्याच्या धारेवरून खाली गेला होता आणि ताठ होता. रोहण खाली होता.

बोधिसत्त्वाने दोरावर तळहात ठेवला. पोटात तुकडे सरकत होते. एक सरकला, थांबला. मग दुसरा.

त्याने निंबकच्या कानाला तोंड लावलं. "हा दोर खोटा आहे. माझ्या घरचा आहे. हिसका देऊ नकोस."

निंबकचा चेहरा राखेसारखा झाला. सोडता येईना, ओढता येईना. तो पुटपुटला, "माझी बहीण पोटुशी आहे. तो पडला तर तुलाही मागोमाग ढकलतो. मग राजाच्या माणसांनी अंगठा खुशाल दगडांत शोधावा."

बोधिसत्त्वाने मान डोलावली. त्याने नव्या दोराचं एक टोक झाडाला बांधलं, वेढे पुण्णकाच्या कमरेला दिले आणि दुसऱ्या टोकाला स्वतःला बांधलं. धारेवर पोचल्यावर मात्र त्याचे पाय थबकले. हाही दोर पुण्णकानेच वळला होता. तो परत आला आणि मुलाच्या कानात म्हणाला, "याच्या पोटात काय आहे?"

पुण्णकाने मान हलवली. काही नाही. लांब धागा आहे. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ओरडूही शकत नव्हता.

बोधिसत्त्वाने त्याच्याकडे पाहिलं आणि कड्यावरून पाय सोडले.

खाली माश्यांची काळी पोळी दगडाला चिकटून हलत होती, कड्यालाच कातडी असावी तशी. रोहणने वरून उतरणारा माणूस पाहिला आणि मधचोर समजून पलिता उगारला. बोधिसत्त्वाने हात जोडले. मग स्वतःच्या दोराचं उरलेलं टोक रोहणच्या काखेतून घेऊन छातीशी आवळलं आणि जुन्या दोराकडे बोट करून मूठ हळूच उघडून दाखवली. रोहणला कळलं. त्याच्या हातातली मधाची टोपली सुटून खाली गेली. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला. माश्या उठल्या. बोधिसत्त्वाच्या मानेला, पापण्यांना, ओठांना चावल्या. तो ओरडला नाही. दगडाच्या खाचांत पाय देत, एकाच दोरावर, दोघे वर आले. पुण्णकाच्या कमरेची सालं निघाली होती.

कड्यापासून लांब गेल्यावर मग तोंडं उघडली.

"टोपली गेली, मध गेला," रोहण म्हणाला. "आता खरं-खोटं तरी कळू दे."

निंबकने रोहणपेक्षा जड धोंडा शोधला, जुन्या दोराला बांधला आणि धारेवरून सोडला. दोर टिकला. त्याने वरून हिसके दिले. टिकला. वर ओढून पुन्हा सोडला. पुन्हा टिकला. तेव्हा निंबकला हसू फुटलं. "अहो दोरवाले, सकाळी सकाळी भांग घेतली होती काय? म्हैस लटकवली तरी तुटायचा नाही हा!"

पुण्णकाच्या तोंडावर रंग आला. "बाबा, टिकला! बघा, टिकलाच!"

सबंध सकाळभर बोधिसत्त्वाला जेवढं भय वाटलं नव्हतं, तेवढं त्या क्षणी वाटलं. त्याने निंबकचा कोयता घेऊन मुलाच्या हातात दिला. "काप," तो म्हणाला. पुण्णकाने दोर मधोमध कापला. पोटातले तुकडे भुसा सांडावा तसे खाली पडले. कापलेलं टोक रोहणने हातात घेतलं, दोन बोटांनी ओढलं, आणि ते उसवत गेलं. मग कोणी हसलं नाही.

घरी येऊन बोधिसत्त्व चुलीमागची माती उकरू लागला. तिष्याने त्याचा सुजलेला चेहरा पाहिला आणि भीत भीत विचारलं, "तुटला का?"

"नाही."

"मग गाडगं कशाला काढताय?"

"रोहणच्या दोराची किंमत द्यायची आहे. त्याचा या हंगामाचा मध गेला, तोही." तो थांबला. "दोर तुटला असता, तर या पोराने जन्मात पुन्हा तुकडा घातला नसता. टिकला, म्हणून उद्या घालील, परवा थोडे जास्त घालील. एक दिवस तुटेल, आणि त्या दिवशी आपण तिथे नसू. आजच किंमत पडू दे. मी वाचवायला शिकवलं, कुठे वाचवायचं नाही ते शिकवलं नाही. ते माझ्याकडून राहिलं."

तिष्याने गाडग्यावरची माती पदराने पुसली. मग म्हणाली, "द्या. पण याच्या हाताने द्या."

पुण्णक गाडगं घेऊन रोहणच्या दारी गेला. दार रोहणच्या बायकोने उघडलं. तिचे दिवस भरत आले होते. पुण्णकाने तिच्याकडे पाहिलं. गाडगं उंबऱ्यावर ठेवून तो तिथेच खाली बसला.

गोष्ट पसरली. काही गिऱ्हाइकं तुटली, काही राहिली. ताक पुन्हा पातळ झालं. वाफे झाले, पण पुष्कळ वर्षांनी, आणि तेही दोनच.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवनाच्या विहारात सांगितली, ती एका भिक्षूमुळे. औषधांचं भांडार त्याच्याकडे होतं. आजाऱ्यांच्या काढ्यात पाणी वाढवून तो औषधं पुरवीत होता आणि संघाची बचत केली म्हणून आनंदात होता. कोणी मेलं नव्हतं, तेव्हा आपलं बरोबरच आहे असं त्याला वाटे. शास्ते म्हणाले, "त्या जन्मीचा पुण्णक तो तूच. आज खाटेवर पडलेला आजारी भिक्षू तो रोहण. त्याच्या उशाशी बसणारा सोबती तो निंबक. भांडाराला औषधी देणारी उपासिका ती तिष्या. आणि दोर वळणारा बाप, तो मी होतो."

तो भिक्षू उठला आणि काढ्याचं भांडं ओतून द्यायला गेला.

आपल्या ताटातलं कमी करावं, दुसऱ्याच्या जिवातलं कमी करू नये, आणि चूक कोणाला दिसली नसतानाही ती आपल्या तोंडाने सांगावी. बोधिसत्त्वाने त्या जन्मी पाळली ती ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.